नात्याआधीचं पाणी

“खाली टेकवाल तर याद राखा गं पोरींनो! दमलात तर दुसरीच्या हातात द्या, पन भुईला देऊ नका!”

सत्तावीस वर्षांपूर्वी झुंबरबाईंनी खिंडीत उभं राहून मारलेली ही हाक. दोन्ही हात कमरेवर, पदर वाऱ्याने मागे उडालेला, आणि आवाज असा की या डोंगरावरून निघावा आणि त्या डोंगरावर जाऊन बसावा. झुंबरबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. पण मार्गशीर्षातला दुसरा मंगळवार उजाडला की गोजरबाईच्या कानात ती हाक आपोआप उठते. चूल पेटवताना, भाकरी थापताना, फडक्याची गाठ मारताना. आजही उठली. फक्त आज तिला त्या हाकेचं भय वाटलं.

तिसगावपासून रिक्षाने अर्ध्या तासावर गोजरबाईची वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर दोन डोंगर. एक थोरजाई, दुसरी धाकजाई. लांबून पाहिलं तर दोन बायका पाठीला पाठ लावून बसल्यासारख्या. एकीचा कडा उगवतीला, दुसरीचा मावळतीला, मधे खिंड. वाडीतल्या बाया सांगतात, या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. एका पानात जेवायच्या, एका फणीने विंचरायच्या. मग एकीचा लेक आणि दुसरीची लेक यांचं लग्न लावलं, दोघी विहिणी झाल्या, आणि मानाच्या पाटावर आधी कोण बसणार यावरून तोंडं फिरली ती फिरलीच. म्हणून वर्षातून एकदा थोरजाईच्या टाक्यातलं पाणी धाकजाईच्या पायावर घालायचं. थोरलीचा राग धाकलीपर्यंत वाहत जातो, विरघळतो, म्हणतात. पाण्याची कळशी वाटेत भुईला टेकवायची नाही. आणि ती नेणाऱ्या बाया एकमेकींच्या नात्यातल्या नसाव्यात. जाऊ नको, नणंद नको, बहीण नको, आणि विहीण तर मुळीच नको.

नियम सांगायला सोपा, पाळायला अवघड. कारण वाडी सगळी एकाच भावकीची. हिची चुलती तिची मामेसासू, तिची नणंद हिची भावजय. झुंबरबाई त्या वर्षी घराघरांतून फिरल्या आणि शेवटी कपाळावर हात मारून म्हणाल्या, “ह्या गावात एक बाई सुटी मिळंना!” मग त्यांना आठवली शाळेत नव्याने आलेली, चष्मा लावणारी, कुलकर्ण्यांची सुनीतीबाई. गोजरबाईच्या शेजारची खोली तिने भाड्याने घेतली होती, आणि गोजरबाई तिला रोज सकाळी तांब्याभर दूध नेऊन द्यायची, एवढीच ओळख. झुंबरबाईंनी दोघींना समोरासमोर उभं केलं, वरखाली पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमी एकमेकीच्या कुनी न्हाई. बेस हाय. जा.”

कुणी नाही म्हणून त्या सोबत चालल्या. सत्तावीस वर्षं चालल्या. सुनीतीबाईंनी गोजरबाईला सही शिकवली, गोजरबाईने सुनीतीबाईंना बाजरीची भाकरी न फुटता तव्यावर टाकायला शिकवली. पोरं एका अंगणात वाढली.

आणि आता परवा, रविवारी संध्याकाळी, गोजरबाईच्या लेकाचा, रविराजचा, पुण्याहून फोन आला.

“आई, बस जरा. उभी राहू नको.”

“का रं? काय झालं?”

“मी अन् रुचानं लग्न केलं. शुक्रवारी. रजिस्टर.”

रुचा म्हणजे सुनीतीबाईंची एकुलती एक लेक. गोजरबाई बसली नाही. उभीच राहिली, आणि तिच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला त्याचं तिचं तिलाच नंतर नवल वाटलं.

“अक्षता पडल्या का?”

“नाही आई. सह्या केल्या.”

“हळद?”

“नाही गं. ऑफिसात कुठली हळद? आई, रुचा लई घाबरलीय. तिच्या बाबांचं तुला माहीतच आहे. बाईंना तूच सांग. तुझं ऐकतील त्या.”

गोजरबाईने दोन रात्री त्या फोनभोवती घालवल्या. नवऱ्याला, सहादेवला, सांगितलं तर तो तंबाखू मळत म्हणाला, “मैत्रीन तुझी. तुझं तू बघ.” मग तिने मनाशी एक हिशोब बांधला. हळद नाही, अक्षता नाही, मांडव नाही, मग सोयरीक लागली कुठे? कागदावर सह्या म्हणजे काय नातं? सही तर ती गॅसची टाकी घेतानाही करते. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून तोंडाने म्हणत नाहीत, तोवर नातं लागत नाही. म्हणून मंगळवारी पाणी न्यायचं. शेवटचं. पाणी घालून झालं की उतरताना सांगायचं. मग बाई बोलोत, न बोलोत.

असा पक्का निर्धार पदराच्या गाठीला बांधून ती पायथ्याच्या लिंबाखाली येऊन उभी राहिली.

*

ज्ञानेश्वरी स्कुटीवरून आली. वाडीच्या शिंप्याघरची सून, पस्तिशीची, ब्लाऊज शिवता शिवता जगाच्या गोष्टी सांगणारी. पाच वर्षांपूर्वी तिसरी बाई कमी पडली तेव्हा तिला घेतली. तिने मागच्या सीटवरून सुनीतीबाईंना उतरवलं. बाईंच्या उजव्या गुडघ्यावर, साडीच्या आतून, जाड पट्टा दिसत होता.

“डॉक्टर काय म्हनले?” गोजरबाईने विचारलं.

“डॉक्टर म्हणाले, जिना टाळा.”

“मंग?”

“मग काय? हा जिना आहे का? डोंगर आहे.”

ज्ञानेश्वरी खिदळली. “चला गोजर, चला सुनीती.”

“आगं ए!” गोजरबाई डाफरली.

“आज मावशी म्हणायचं नाही, काकू म्हणायचं नाही. नियम आहे. वर्षातला एकच दिवस मला तुम्हाला नावानं हाका मारायला मिळतात, तो मी सोडणार नाही. काय गं गोजर?”

“आणि तुम्ही यांना बाई म्हणता ते चालतं का?” असा ज्ञानेश्वरीचा पुढचा सवाल.

“बाई हे नातं न्हाई, नोकरी हाय,” गोजरबाई म्हणाली.

“होती,” सुनीतीबाई म्हणाल्या. “आता पेन्शन आहे.”

त्या हसल्या. गोजरबाई हसली नाही. तिने पितळी कळशी काखेत मारली आणि पुढे निघाली.

थोरजाईची वाट आधी तुरीच्या शेतांतून जाते. तुरी शेंगांनी ओथंबल्या होत्या, वाऱ्याबरोबर खुळखुळत होत्या. मग खैर, बाभळी, सीताफळीची वाळकी झुडपं, आणि त्यानंतर नुसतं गवत. पिवळंधमक, गुडघाभर. कुसळं साडीच्या काठाला टोचत होती आणि काठातून पायाला. सुनीतीबाई एक पाऊल टाकायच्या, हातातली काठी रोवायच्या, मग दुसरा पाय तिच्याजवळ आणून ठेवायच्या. लहान पोर जिना चढतं तसं.

“अशानं संध्याकाळ व्हईल,” गोजरबाई म्हणाली. तिच्या आवाजात आपोआप धार आली होती. तिला वाटलं, बाई आत्ताच मागे फिरल्या तर बरं. मग पाणी नाही, खोटं नाही. वाटेवर जे व्हायचं ते झालं असं म्हणता येईल.

“होऊ दे संध्याकाळ. मी वर जाणार.”

“गुडघा सुजंल.”

“गुडघा माझा आहे ना? मग सुजू दे.” बाईंनी चष्मा नाकावर वर ढकलला. “तू आज इतकी का खेकसतेस? कालपासून अंगणात फिरकली नाहीस, फोनही उचलला नाहीस.”

“कांद्याची लागन हुती.”

“कांद्याची लागण रात्री आठला?”

गोजरबाई चार पावलं पुढे गेली आणि तिथून तिने हात मागे केला. सुनीतीबाईंनी तो धरला. हाताला बोलायला लागत नाही. त्या हाताने त्यांना ओढून घेतलं, आणि ती चढण तेवढ्यापुरती दोघींची झाली.

नऊ वाजून गेले तेव्हा माथा आला. थोरजाईच्या माथ्यावर कातळात कोरलेलं टाकं आहे. कुणी कोरलं कुणाला ठाऊक नाही. उन्हाळ्यातही पाणी हटत नाही, आणि मार्गशीर्षात तर काठोकाठ. आभाळ सगळं त्यात उतरलेलं. दूर पूर्वेला पवनचक्क्या हळूहळू फिरत होत्या, आणि खाली वाडीचे पत्रे उन्हात चमकत होते. गोजरबाईने आपला पत्रा ओळखला. शेजारचा बाईंचा. दोन्हींच्या मधे भिंत नाही, एक शेवग्याचं झाड आहे.

कळशी बुडवण्याआधी ओवी म्हणायची असते. झुंबरबाई म्हणायच्या. आता गोजरबाई म्हणते. तिने घसा खाकरला.

*थोरजाईच्या टाक्यात, आभाळ वाकून पाहीलं*
*माझ्या कळशीच्या पान्यात, थोडं निळं गं राहीलं*

दुसरी ओळ तिने घाईने उरकली. सुनीतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ज्ञानेश्वरी मोबाईलवर चित्रीकरण करत होती, तिला काही कळलं नाही.

“एक अजून,” ती म्हणाली. “हे छान आलंय.”

“एकच असती,” गोजरबाई म्हणाली, आणि कळशी बुडवली. बुडबुड बुडबुड करत कळशी पाणी प्यायली, जड झाली. तिने ती उचलून कमरेवर घेतली. आता ती टेकायची नाही. हातून हातात, बस्स.

*

उतरण चढणीपेक्षा वाईट. घसाऱ्याची वाट, गोल गोटे, आणि कमरेवर हिंदकळणारं पाणी. तिघींनी पाळ्या लावल्या. शंभर पावलं गोजरबाई, शंभर ज्ञानेश्वरी. सुनीतीबाईंची पाळी दोघी गुपचूप वगळत होत्या, पण बाई शिक्षिका होत्या. पट न पाहता हजेरी घेणाऱ्या.

“माझी पाळी तीनदा चुकवलीत. द्या इकडे.”

“काठी कोन धरनार मंग?”

“काठी तू धर. कळशी मी धरते.”

दिली. बाईंनी कळशी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळली, तान्हं लेकरू धरावं तशी, आणि एक एक गोटा पारखत उतरू लागल्या. एक हात गोजरबाईचा त्यांच्या कोपराखाली, दुसऱ्या हातात काठी. ज्ञानेश्वरीला मोकळे हात मिळाले तसा तिचा गळाही मोकळा झाला. परवा तिच्या माहेरी लग्न होतं, तिथली गाणी अजून तिच्या तोंडात होती. टाळ्या वाजवत तिने सुरू केलं.

*विहीणबाई विहीणबाई, चाल तुमची मोराची*
*चष्मा मोठा नाकावर, अक्कल अर्ध्या पोराची!*

सुनीतीबाई खळखळून हसल्या. कळशीतलं पाणी उसळून त्यांच्या हनुवटीला लागलं. “अगं, हे माझ्यावर रचलंस का?”

“नाही नाही, नवऱ्याच्या आईवर होतं. पण तुम्हाला बसलं बघा.”

“मग हिच्यावर पण म्हण एक. हिला का सोडतेस?”

“गप बसा गं दोघी!” गोजरबाई ओरडली. ओरडणं इतकं मोठं झालं की खालच्या झुडपातून तितर भुर्रकन उडाले. ज्ञानेश्वरीच्या टाळ्या हवेतच राहिल्या.

“पानी सांडतंय,” गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. “म्हनून म्हनलं.”

पुढची शंभर पावलं. गोट्यांचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि बाईंच्या श्वासाचा. गोजरबाई मनातल्या मनात तोच हिशोब पुन्हा मांडत होती. अक्षता नाही. हळद नाही. मांडव नाही. परवा रात्री तो किती पक्का वाटला होता. आता प्रत्येक पावलाला त्याचा एक एक टाका उसवत होता. सह्या केल्या, म्हणाला पोरगा. आणि तिला सही ज्या हाताने शिकवली, तो हात आत्ता कळशीखाली होता.

*

खिंडीत वारा असतो आणि सावली असते. तिथे जेवायचं. पण जेवायचंही असं की एकीच्या हातात कळशी, दोघी जेवणार, मग पाळी बदलणार. बाईंनी कळशी सोडायला नकार दिला. एका कातळाला पाठ लावून त्या बसल्या, पाय सरळ लांब केला, कळशी मांडीच्या वर, दोन्ही हातांत अधांतरी.

“मांडीवर टेकवली तर चालेल का गं?”

“मांडी म्हंजी भुई न्हाई. पन नकोच.” गोजरबाईने फडकं सोडलं. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा, आणि वांग्याचं भरीत. तिने भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि बाईंच्या तोंडापुढे धरला. “आ करा.”

बाईंनी आ केला. दरवर्षी असंच. बाई हिच्या हातचं खातात, हिच्या चुलीपुढे बसून खातात. बाईंचे मालक, शरच्चंद्रराव, मात्र सत्तावीस वर्षांत गोजरबाईच्या दारी चहापलीकडे गेले नाहीत. पोहे पुढे केले तर म्हणतात, आत्ताच झालंय. माणूस वाईट नाही. तहसील कचेरीत नोकरी केली, वाडीतल्या कितीजणांचे दाखले हातोहात काढून दिले. पण पोहे नाहीत.

दुसरा घास. तिसरा. चौथ्या घासाला बाईंनी मान मागे घेतली.

“गोजर, तुला एक सांगायचं होतं. म्हणून तर मी या पायाने आले.”

गोजरबाईचा हात घासासकट थांबला.

“रुचाला स्थळ आलंय. अनिमेष नाव. नाशिकचा आहे, इंजिनिअर. येत्या रविवारी बघायला येणार आहेत. मी रुचाला कळवलंय, ती हो नाही काही म्हणत नाही, नुसती हं हं करते. मुली अशाच असतात. पण माझ्या मनात भरलाय गं मुलगा. ह्यांच्याही. कितीतरी दिवसांनी हे खूश आहेत.” त्या थांबल्या. “सत्तावीस वर्षं पाणी घातलं, मी देवीकडे कधी काही मागितलं नाही. मला ते जमत नाही. या वेळी मागणार आहे. धाकजाईला म्हणणार आहे, माझ्या मुलीचं हे जमू दे.”

“अरे वा, पेढे पेढे!” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“आधी होऊ तर दे. आणि गोजर, रुचाचं झालं ना, की मी रविराजचं मनावर घेणार. माझा विद्यार्थी आहे तो. हसू नकोस, मी स्वतः त्याच्यासाठी मुलगी शोधीन. माझी शिफारस म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?”

गोजरबाई हसत नव्हती. तिच्या हातातल्या घासातलं भरीत बोटांवरून ओघळत होतं. आत्ता सांगावं, तिच्या मनात आलं. इथेच, खिंडीत, सावलीत. पण पाणी अर्ध्या वाटेवर राहील. आसपासच्या वाड्यांतून पूर्वी पाच-सहा जथे निघायचे. आता या तिघीच. हे पाणी खिंडीत ओतलं तर यंदा धाकजाई कोरडी. आणि तिच्या मनाने दुसरंही सांगितलं, ते जास्त खरं होतं. सांगितल्यावर ही बाई माझ्या हातचा घास घेईल का?

“आ करा,” ती म्हणाली.

“पोट भरलं. तू खा आता. ज्ञानेश्वरी, धर गं कळशी.”

गोजरबाईने तो घास फडक्यात परत बांधला.

*

धाकजाई उंचीने थोरजाईपेक्षा कमी, पण स्वभावाने खडूस. शेवटची चढण सरळ अंगावर येते, आणि माथ्याजवळ कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, बावीस. निम्म्या झिजलेल्या. ऊन डोक्यावर होतं. बाईंचा गुडघा आता वाकत नव्हता. पट्ट्याच्या वर आणि खाली पाय फुगला होता. पहिल्या टेपाडावर त्या मटकन बसल्या आणि ओठ दाताखाली धरला.

“बाई, तुमी हितंच थांबा,” गोजरबाई त्यांच्यासमोर बसत म्हणाली. “आमी दोघी पानी घालून येतो. दोघींनी नेलं तरी चालतं.”

“आणि माझं मागणं?”

“ते... हितनं मागा. देवीला ऐकू येतं.”

“तुझ्या त्या झुंबरबाईंचा आवाज ऐकू यायचा खिंडीतून. माझा नाही यायचा.” बाईंच्या चष्म्याच्या काचांवर घाम होता, त्यामागचे डोळे दिसत नव्हते. “तू मागशील का माझ्यावतीने? हात जोडून, मनापासून? मग थांबते मी.”

गोजरबाई साडीच्या काठातली कुसळं उपटू लागली.

“बघ. नाही मागणार तू. मला माहीत आहे, तुला खोटं मागणं जमत नाही. दुसऱ्याचं मागणं म्हणजे थोडं खोटंच.” त्यांनी काठी रोवली. “चला.”

त्या उठल्या. दहा पावलं. थांबल्या. पुन्हा दहा. जिथे उभं राहून जमलं नाही तिथे त्या बसून, हातांवर भार देऊन, पाठमोऱ्या सरकत वर गेल्या. साठीला आलेली, जन्मभर कडक इस्त्रीची साडी नेसणारी बाई, धुळीत बसून एक एक वीत डोंगर चढत होती. ज्ञानेश्वरीची बडबड कधीच थांबली होती. तिच्या कमरेवर कळशी होती, आणि डोळ्यांत पाणी.

“बाई, पुरं करा. तुम्हाला देवीची शपथ,” ती म्हणाली.

“शपथ घालू नकोस. श्वास कमी पडतो,” सुनीतीबाई म्हणाल्या.

गोजरबाई त्यांच्या मागे आली. दोन्ही हात बाईंच्या काखेत घातले आणि त्यांना वर उचललं. उचलताना तिला बाईंच्या काळजाची धडधड लागली, अंगातली ऊब लागली. ही बाई सगळा हा त्रास एका मागण्यासाठी काढतेय, आणि ते मागणं शुक्रवारीच मोडून गेलंय. मोडलंय हे डोंगरावर एकट्या मला ठाऊक आहे. आणि मी तिला वर ढकलतेय. कशासाठी? माझं पाणी पोचावं म्हणून.

तिला स्वतःची शिसारी आली.

पायऱ्या लागल्या. पहिली, दुसरी. प्रत्येक पायरीवर कळशी एकीच्या हातून दुसरीच्या हातात जात होती, कारण पायरीवर दोघींना उभं राहायला जागा नाही. खालचीने वर द्यायची, वरचीने घ्यायची, मग खालचीने वळसा घालून वर जायचं. हे काम सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातांना इतकं पाठ झालं होतं की बोलायची गरज नव्हती. सातवी. नववी. तेराव्या पायरीवर बाईंनी हट्टाने मधला क्रम घेतला. “मला शेवटच्या पायऱ्यांची पाळी हवी. मी खालून घेते, आणि गोजरला देते, आणि गोजर माथ्यावर नेईल. मग मी हात जोडते.”

सतरा. एकोणीस. ज्ञानेश्वरीने विसाव्या पायरीवरून कळशी बाईंच्या हातात दिली. गोजरबाई त्याआधीच माथ्यावर पोचली होती. तिच्या मागे दहा पावलांवर धाकजाई, शेंदराने माखलेली उभी शिळा, वर पत्र्याची शेड, दोन पितळी घंटा. वारा घंटांना हलवत होता पण त्या वाजत नव्हत्या.

सुनीतीबाई एकविसाव्या पायरीवर उभ्या होत्या. चेहरा लालबुंद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केस विस्कटलेले, आणि तरीही, तरीही हसत होत्या. जिंकलेल्या माणसासारख्या. त्यांनी दोन्ही हातांनी कळशी वर केली.

“घे गोजर. आले की नाही?”

कळशी दोघींच्या मधे अधांतरी राहिली. गोजरबाईने हात पुढे केले नाहीत.

“घे ना गं. हात दुखतात माझे.”

“ज्ञानेश्वरी,” गोजरबाई म्हणाली, “वर ये. बाजूनं ये. बाईंच्या हातातली कळशी तू घे. आन खाली ठिवू नको.”

“का? तुमची पाळी आहे की.”

“घे म्हनते ना.”

तिचा आवाज ऐकून ज्ञानेश्वरी कातळाला धरून वर आली, आणि काही न विचारता तिने कळशी बाईंच्या हातातून काढून घेतली. बाईंचे हात तसेच वर राहिले, रिकामे. गोजरबाई माथ्यावरून खाली वाकली. तिने ते दोन्ही हात आपल्या हातात धरले, आणि बाईंना शेवटची पायरी चढवली. माथ्यावर आणून उभं केलं. मग धरलेले हात सोडले नाहीत.

“काय झालं गोजर? अशी काय बघतेस?”

“बाई, तुमी देवीला अनिमेष मागू नका.”

“का?”

गोजरबाईने एक श्वास घेतला. डोंगर चढताना घेतात तसा, खोल, पोटापर्यंत.

“रुचानं लगीन केलंय. शुक्रवारी, पुन्यात, रजिस्टर. माझ्या रविराजसंगं. मला रविवारी सांजच्याला कळलं, आन दोन दिस मी तोंड मिटून बसले. पायथ्यालाच सांगायचं हुतं. खिंडीत सांगायचं हुतं. न्हाई सांगितलं, कारन मला आजून एक डाव तुमच्यासंगं हे चालायचं हुतं, आन तुमी माझ्या हातचा घास खावा असं वाटत हुतं. हळद न्हाई, अक्षता न्हाई, म्हनून नातं न्हाई, असं मी माझ्या मनाला शिकवत आले. ते खोटं हाय. ह्या पान्याला आता माझा हात चालत न्हाई, बाई. तुमचापन न्हाई. ज्ञानेश्वरी सुटी हाय, तिच्या हातनं पडू द्या. आपन विहिनी झालो.”